फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

इंटरला असताना मी वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या आयुष्याचं वेळापत्रक लिहून काढलं होतं. पहिल्या वर्षी नागपूरच्या दैनिकात बातमी छापून आणायची, दुसऱ्या वर्षी आर्वी तालुक्याचा वार्ताहर व्हायचं आणि पाचव्या वर्षी त्याच दैनिकाच्या कचेरीत स्वतःचं टेबल मिळवायचं. मधली दोन वर्षं कशासाठी सोडली होती, ते आता आठवत नाही. विसाव्या वर्षी माणूस आयुष्याची आखणी फार उदार मनानं करतो.

मी वर्ध्याच्या कॉलेजात होतो आणि वसतिगृहात राहत होतो. घर रोहण्याला. वर्धा-रोहणा प्रवासात जे दिसेल ते मी पोस्टकार्डावर लिहून नागपूरला पाठवत असे. पुलगावहून आर्वीला जाणारी छोटी आगगाडी वाटेत बंद पडली आणि उतारूंनी उतरून तिला धक्का दिला, ही माझी पहिली छापून आलेली बातमी. चार ओळी होत्या. त्या मी इतक्यांदा वाचल्या की घडीवरची अक्षरं पुसली.

हे सगळं घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. बाला, म्हणजे वडलांना, तर मुळीच नाही. बा गावच्या शाळेत दोन इयत्ता शिकला, त्याही वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून. आमच्या लोकांना तेव्हा आत घेत नसत. आपला पोरगा मास्तर होऊन त्याच वर्गात खुर्चीवर बसावा, हे त्यानं मी पहिलीत असतानाच ठरवलं होतं. त्यासाठी आर्वीच्या एका हेडमास्तरांकडे त्यानं शब्द टाकला होता आणि परीक्षा झाली की जूनपासून मी शाळेत रुजू व्हायचं, असं पक्कं झालं होतं. अशा माणसाला 'मला मास्तर व्हायचं नाही' हे सांगायला छाती लागते. माझ्याकडे ती नव्हती, म्हणून मी गप्प राहण्याला हुशारी समजत होतो.

त्या हिवाळ्यात दैनिकाला आर्वी तालुक्यासाठी वार्ताहर हवा असल्याची सूचना छापून आली. मी लगेच अर्ज केला. वार्ताहर तालुक्यातलाच हवा, म्हणून पत्ता रोहण्याचा दिला, वर्ध्याचा नाही. उत्तर आलं की कुणीतरी कळवेलच, असं मी धरून चाललो. कुणाला काही सांगितलंच नव्हतं, तर कोण कळवणार होतं, हा विचार माझ्या हुशार डोक्यात आला नाही.

शुक्रवारी दुपारी कार्ड आलं. घरी माय एकटी होती. बा आर्वीच्या जिनात कापसातली सरकी काढायच्या कामाला होता, कापसाचा हंगाम संपेपर्यंत तो तिथंच राही. पोस्टमननं अंगणाबाहेरूनच हाक मारली, कार्ड मायच्या हातात दिलं आणि तो मागं न बघता निघून गेला. कार्डाचा कोपरा फाटलेला होता.

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणाच्या तरी मरणाची खबर. असं कार्ड घरात नेत नाहीत, बाहेरच वाचायचं आणि फाडून टाकायचं. आम्ही धर्म बदलून वर्ष उलटलं होतं. बानं घरातले देव टोपलीत भरून नदीवर नेऊन सोडले होते आणि मायनंही त्यासाठी कुरकूर केली नव्हती. पण फाटक्या कोपऱ्याची भीती त्या टोपलीत गेली नव्हती. मायला वाचता येत नव्हतं आणि कुणाकडून वाचून घ्यायची तिला गरजही वाटली नाही. कारंज्याला तिचा धाकटा भाऊ महिनाभर तापानं पडून होता. तिनं कार्ड बाहेरच्या वळचणीत खोचलं, अंगावर पाणी घेतलं, वर्ध्याला निघालेल्या एका शेजाऱ्याजवळ माझ्यासाठी निरोप दिला आणि आर्वीची गाडी धरली.

शनिवारी सकाळी तो शेजारी वसतिगृहाच्या दारात उभा राहिला.

"तुहा मामा गेला. माय कारंज्याले गेली. तुले बलावलं हाये."

मामानं मला पोहायला शिकवलं होतं. पहिला सदरा त्यानं शिवला होता. मी मोटारीत बसलो आणि कारंज्यापर्यंत रडत गेलो. बाजूच्या बाईनं काही न विचारता मला आपल्या पदराखालचे दोन पेरू दिले. तेही मी रडत रडत खाल्ले.

कारंज्याला मोठ्या सडकेवर उतरलो, तर समोर धाब्याच्या बाजेवर मामा बसलेला. अंगावर घोंगडी, हातात चहाची बशी. अंगानं अर्धा झाला होता, पण चहा फुर्र करून पीत होता.

"ये भाचेबुवा," मामा म्हणाला. "जित्तेपनी कवा आलता नाई. मेलो म्हनलं तं आला पाय कसा धावत."

मी त्याच्या गळ्यात पडलो. त्याच्या अंगाला काढ्याचा कडू वास येत होता आणि तो वास मला इतका गोड कधीच लागला नव्हता. घरात गेलो तर माय चुलीपुढं भाकरी थापत होती. येताना तिनं आर्वीला उतरून बालाही खबर दिली होती, त्यामुळं तोही शुक्रवारीच रात्रीच्या मोटारीनं येऊन पोचला होता. मामासकट तिघंही आधी रडून, मग हसून आता दमले होते. मामीनं कोंबडं कापलं. मामा म्हणाला, हे माझ्या तेरवीचं जेवण आहे आणि मी स्वतः वाढणार आहे. त्यानं वाढलंही.

जेवताना बानं विचारलं, "मंग ते कार्ड कोनाचं?"

माय बोटांवर नातेवाईक मोजू लागली. देवळीची मावशी, पुलगावचा आतेभाऊ, हिंगणघाटची म्हातारी. ज्याचं नाव निघे तो आमच्या डोळ्यांपुढं क्षणभर मरून पुन्हा जिवंत होई. शेवटी मी सहज विचारलं, कार्ड दिसायला कसं होतं.

"कसं असते? कार्डासारखं," माय म्हणाली. "वरतं मोठमोठे छापेल अक्षरं होते. निये."

माझा घास तोंडातच राहिला. मेल्याच्या खबरेवर निळी छापील अक्षरं कोण घालतं? दैनिकाच्या नावाची अक्षरं निळी होती. पण बा समोर बसला होता. मी खाली मान घालून रस्सा ओरपला. रविवारी मामानं कुणालाच हलू दिलं नाही. त्या दिवशी मी सारा वेळ हसत होतो आणि मनातून पार वाळून गेलो होतो.

सोमवारी बा आर्वीला उतरून जिनात गेला आणि मी मायबरोबर रोहण्याला पोचलो. अंगणात पाऊल टाकल्याबरोबर वळचणीतून कार्ड ओढलं. लिहिलं होतं की आर्वी तालुक्याचे वार्ताहर म्हणून आपला विचार चालू आहे, रविवारी सकाळी अकरा वाजता कचेरीत समक्ष भेटावे, न आल्यास आपली इच्छा नाही असे समजू.

रविवारी सकाळी अकरा वाजता मी मामाच्या शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो.

खरं सांगतो, आधी मला हायसंच वाटलं. कुणी मेलं नव्हतं. देवळीची मावशी, हिंगणघाटची म्हातारी, सगळी आपापल्या जागी सुखरूप होती. दुःख त्याच्या मागून आलं, आणि आलं ते चांगलं तब्येतीत आलं. मी ओट्यावर बसलो आणि मायला सगळं सांगितलं. अर्ज, बातम्या, वहीचं शेवटचं पान. ओरडलोही तिच्यावर. शिकल्यासवरल्या पोरानं अडाणी आईवर ओरडावं तसा ओरडलो. त्याची लाज अजून वाटते.

मायनं सगळं ऐकून घेतलं. तिनं एवढंच विचारलं, "हा मानूस नागपुरात कोठी बसते?"

मंगळवारी ती माझ्याबरोबर निघाली. तू कशाला, असं मी चारदा म्हटलं. "चुकी माही हाये, मीच सांगतो त्याईले," एवढंच तिचं उत्तर.

दैनिकाची कचेरी एका बोळात होती. खाली छापखाना, वर लाकडी जिन्यानं संपादक. शाईचा आणि घासलेटाचा वास नाकात गेला आणि मला वाटलं, हा वास एकदाच मिळणार आहे, घेऊन ठेवावा. संपादक म्हणजे जाड चष्म्याचे, गळ्याशी मफलर गुंडाळलेले गृहस्थ. मी नाव सांगितलं.

"रविवार होऊन गेला," ते म्हणाले. "दोघं जण येऊन गेले. त्यातल्या एकाला आज लिहिणारच होतो."

मी काही बोलण्याआधी माय पुढं झाली. पदर सावरून, उभ्यानंच, तिनं शुक्रवारपासूनची हकीकत सांगायला सुरुवात केली. संपादक ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा हात टेबलावरच्या कोऱ्या कार्डांच्या गठ्ठ्याकडे गेला. वरच्या कार्डाचा कोपरा त्यांनी चिमटीनं टर्रकन फाडला, त्याची बारीक सुरळी केली, कानात घातली आणि डोळे अर्धे मिटून ती फिरवू लागले.

माय बोलायची थांबली. ती त्या कार्डाकडे बघत राहिली.

"तुमी फाडता काय?" तिनं विचारलं.

संपादकांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग कार्डाकडे, मग हातातल्या सुरळीकडे. बाजूच्या टेबलावरचा मुद्रितं तपासणारा माणूस मान खाली घालून खुदुखुदु हसू लागला. "किती वेळा सांगितलं यांना," तो म्हणाला, "की काडी घ्या, काडी घ्या."

संपादकांचे कान लाल झाले. त्यांनी मायला खुर्ची दिली. ती बसली नाही, तेव्हा ते स्वतःच उभे राहिले. "बाई, तुमच्या घरी रडारड माझ्यामुळं झाली. माफ करा. पण एक सांगा, कार्ड आल्यावर तुम्ही तडक कारंज्याला गेलात?"

"मंग? पाह्यल्याबिगर कसं म्हना, गेला म्हून? डोयानं पाह्यलं तं भाऊ जेवून राह्यला होता."

"आणि तुम्ही?" त्यांनी मला विचारलं. "निरोप मिळाल्यावर काय केलंत?"

"रडलो," मी म्हणालो. खोटं बोलायला काही सुचलंच नाही.

"खबर खरी की खोटी, शेजाऱ्याला काही विचारलंत? कुणी पाहिलं, केव्हा झालं?"

"नाही."

ते बराच वेळ टेबलावरच्या माझ्या जुन्या बातम्या चाळत राहिले. मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. माझ्या वहीच्या पानावरची ती पाच वर्षं त्या बोटांत होती. "तालुक्याची वार्ताहर खरी तर ही बाई आहे," ते शेवटी म्हणाले. "पण लिहिता तुम्हाला येतं. तीन महिने बघू. आणि कुणी मेल्याची बातमी तुम्ही स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय पाठवायची नाही."

जिना उतरलो. खाली छापखान्याच्या दारात मी मायच्या पाया पडलो. टाइपाचे खिळे जुळवणारे सगळे बघत होते, बघोत.

परतीच्या गाडीत माय वर्ध्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, ती खुशीत आहे. पुलगावला छोट्या गाडीत बसल्यावर ती बोलली.

"तू सांगतलं असतं का नागपूरहून कार्ड येनार हाये, तं म्या कायले माह्या भावाले मारलं असतं?"

ती रागावलेली नव्हती, एवढंच माझं नशीब. मला माहीत होतं की चूक तिची नाही, संपादकांच्या कानाचीही नाही. मी घरच्या माणसांपासून जे लपवलं होतं, तेच दोन दिवस मामाच्या मरणाची खबर होऊन फिरलं होतं.

रोहणा आलं, तर माय जागची उठली नाही. "आर्वीले चाल," ती म्हणाली. "आजच्या आज बाले सांग. तू सांगत नसशीन तं मी सांगतो."

संध्याकाळी जिनाच्या फाटकावर उभे राहिलो. पाळी सुटत होती. बा बाहेर आला, केसांत, भुवयांवर, मिशांवर सरकीचा पांढरा भुसा. आम्हा दोघांना बघून तो जागीच थबकला.

"आता कोन गेलं वं?"

"मास्तरकी," माय म्हणाली.

बानं माझ्याकडे बघितलं. मग मी सगळं सांगितलं, न थांबता, मान वर ठेवून, पहिल्यांदाच. तो मिशीवरचा कापूस वेचत ऐकत राहिला. त्याच्या मनात ती खुर्ची होती, मला दिसत होती. लोक बाजूनं जात होते आणि जिनाचा भोंगा वाजून थांबला.

"त्या पेपरात खोटं छापून आलं," त्यानं शेवटी विचारलं, "तं कोनाले पकडतेत?"

"मले," मी म्हणालो.

बानं भुवयांवरचा भुसा झटकला. "मंग ठीक हाये," तो म्हणाला आणि आम्हाला फाटकासमोरच्या हॉटेलात चहा प्यायला घेऊन गेला.