हिरव्या ठिपक्याची मांजर

माझे सासरे तोताराम नाना देवमाणूस आहेत, असं सगळं फैजपूर सांगतं. फैजपूरला त्यांच्या घरात राहावं लागत नाही. मी चौदा वर्षं राहते आहे.

नाना आता पंच्याहत्तरीचे. उमेदीच्या काळात त्यांनी केळीची कटाई केली, म्हणजे मजुरांची टोळी घेऊन बागेत जायचं, घड उतरवायचे आणि ट्रक भरून दिल्लीकडे रवाना करायचा. या कामात ते प्रामाणिक होते, उगाच खोटं का बोलू? त्यांनी भरलेल्या ट्रकात डागी घड निघाला असं कधी झालं नाही. पुढे गळ्यात माळ घातली आणि घडांवरची नजर माणसांच्या ताटांवर आली.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक भिंग असतं. बिस्किटाचा पुडा, टूथपेस्ट, आइस्क्रीमचा डबा, काहीही घरात आलं की नाना भिंगाखाली हिरवा ठिपका शोधतात. ठिपका सापडला तर वस्तू आत, नाही तर उंबऱ्याबाहेर. माझ्या मयुरीच्या मैत्रिणीने वाढदिवसाला आणलेला केक त्यांनी त्या मुलीच्याच हातात परत दिला होता. मुलगी नऊ वर्षांची होती, दारातच रडायला लागली. नाना रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. ते तो कधीच चढवत नाहीत. हळू बोलून अख्खं घर कसं मुठीत ठेवावं हे कुणाला शिकायचं असेल, त्याने आमच्याकडे चार दिवस मुक्कामाला यावं.

माझं माहेर वरणगावचं. वडील फॅक्टरीत होते, आम्ही कॉलनीत राहायचो. शेजारीपाजारी दहा प्रकारचे लोक, आणि रविवारी आमच्या घरी अंडी व्हायची. लग्न ठरताना हे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. सासरी आल्यावर ते कुठून तरी नानांच्या कानावर गेलं. तेव्हापासून मी 'वरणगाववाली' झाले. भाजीत मीठ जास्त पडलं तरी, वरणगाववालीचा हात आहे, चालायचंच, असं नाना हसून पाहुण्यांना सांगायचे. पाहुणेही हसायचे. मीही हसायचे, कारण नव्या सुनेला दुसरं काय येतं?

मयुरीच्या वेळी सातव्या महिन्यात माझं रक्त फार कमी भरलं. भुसावळच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं लिहून दिली, गोळ्या दिल्या आणि रोज एक अंडं खा म्हणाल्या. उभं राहिलं की माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी नानांना स्वतः विचारलं. नवऱ्याला पुढे केलं नाही, कारण माझा नवरा प्रेमराज बापापुढे मान खाली घालून उभा राहतो आणि तेवढंच करतो. मी म्हटलं, घरात नको, परसात वेगळ्या भांड्यात उकडीन, भांडं बाहेरच ठेवीन, तीनच महिन्यांचा प्रश्न आहे. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पापावर पोसलेलं लेकरू मले नको."

दोन दिवसांनी माझे वडील वरणगावहून डबा घेऊन आले. आत सहा उकडलेली अंडी होती. नानांनी डबा उघडून पाहिला, परसातल्या उकिरड्यावर नेऊन उपडा केला, रिकामा डबा धुऊन माझ्या वडिलांच्या हातात दिला आणि एसटीची वेळ सांगितली. वडिलांना पाणीसुद्धा विचारलं नाही. मी दारामागून बघत होते. प्रेमराज अंगणात मोटारसायकल पुसत होता, पुसलेलीच पुन्हा पुसत होता.

मयुरी आठव्या महिन्यात झाली. वजन दीड किलो. अठरा दिवस काचेच्या पेटीत होती आणि तिला हात लावायला मी रोज परवानगी मागायचे. अंडं न खाल्ल्यामुळे हे झालं असं म्हणता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नसेलही. पण माझा राग काही त्यांना विचारून आलेला नव्हता आणि त्यांच्या सांगण्यावरून जाणारही नव्हता.

आता मांजरीकडे येते. ठमी आमच्या घरी तीन वर्षांपूर्वी आली, एवढीशी, पावसात भिजलेली. नानांनी तिला आपल्या उपरण्याने पुसलं. ज्या माणसाने सख्ख्या नातीला पहिले सहा महिने मांडीवर घेतलं नाही, तो मांजरीच्या पिल्लाला बोटाने दूध चाटवत बसायचा. मयुरीला मांजर आवडायची. मलाही आवडायची, तिचा काय दोष?

पण मांजर आपल्या जातीवर गेली. एक दिवस तिने उंदीर पकडून देवघरासमोर आणून ठेवला, मोठ्या अभिमानाने. नानांनी त्या दिवशी उपास केला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या गळ्यात घुंगरू बांधलं. घुंगराच्या आवाजाने उंदीर, चिमण्या सावध होतात, पळतात. ठमीच्या हाती पुन्हा काही लागलं नाही. दूध-पोळी खाऊन ती वाळायला लागली, तेव्हा जळगावहून माल आणणारे दुकानदार मोतीलालशेठ यांनी नानांना एक पाकीट दाखवलं. मांजरांचं शुद्ध शाकाहारी खाद्य. नानांनी भिंग काढलं. ठिपका हिरवा.

त्या दिवशी नानांना जो आनंद झाला, तो मयुरी घरी आली तेव्हा मी पाहिला नव्हता. आल्यागेल्याला ठमी दाखवायची आणि म्हणायचं, आमची मांजर माळकरी आहे. लोक हात जोडायचे, खरंच जोडायचे. वर्षभर ठमीने दुसरं काही खाल्लं नाही. नाना एकदम पंधरा-वीस पाकिटं आणून देवघराच्या माळ्यावर रचून ठेवायचे.

गेल्या दिवाळीनंतर मोतीलालशेठ स्वतः घरी आले. कंपनीने ती पाकिटं बाजारातून परत मागवली होती. मांजरीच्या डोळ्यांना आणि हृदयाला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते मांसातून मिळतं. शाकाहारी खाद्यात ते वेगळं घालावं लागतं आणि या मालात ते जवळपास नव्हतंच. शेठनी मोबाईलवरची सूचना वाचून दाखवली, असतील नसतील ती पाकिटं द्या म्हणाले आणि मांजरीला डॉक्टरांना दाखवा असंही सांगितलं. नानांनी त्यांना चहा पाजला. मग हळू आवाजात समजावलं की हा मांस विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा डाव आहे, चांगली वस्तू चालू देत नाहीत, तुम्ही व्यापारी माणूस, घाबरून जाता. एकही पाकीट परत गेलं नाही.

मी म्हटलं, नाना, निदान डॉक्टरांना तरी दाखवू. ठमी हल्ली दाराच्या चौकटीला धडकत होती, ते मला दिसत होतं. नाना म्हणाले, वरणगाववालीला मांसाचंच सुचणार. मी गप्प बसले. याचा मला आजही राग येतो, आणि हा राग नानांवरचा नाही, माझ्यावरचा आहे. माळ्यावरची पाकिटं मी रात्रीतून गटारात ओतू शकले असते. ओतली नाहीत. होऊ दे, बघू दे म्हाताऱ्याला, असं माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात होतं, आणि त्याची किंमत त्या मुक्या जनावराने मोजली.

तीन आठवडे नाना तिला तेच खाऊ घालत राहिले. मग एका सकाळी ठमीने गच्चीच्या कठड्यावरून शेजारच्या पत्र्यावर उडी मारली. ही उडी ती रोज मारायची. त्या दिवशी पत्रा तिला दिसलाच नाही. मयुरी तिला खालून उचलून घेऊन आली आणि आजोबांपुढे ठेवून शाळेत निघून गेली.

जळगावला जनावरांच्या डॉक्टरांकडे आम्ही केळीच्या क्रेटमध्ये टॉवेल घालून ठमीला नेलं. प्रेमराजने गाडी चालवली, क्रेट नानांच्या मांडीवर. डॉक्टर तरुण होते. त्यांनी ठमीच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या होत्या तशाच मोठ्या राहिल्या, जराही आकसल्या नाहीत. काय खाते म्हणून विचारलं. नानांनी अजूनही ताठ मानेने सांगितलं, शुद्ध शाकाहारी. डॉक्टरांनी पाकिटाचं नाव विचारलं आणि बॅटरी खाली ठेवली. मग त्यांचं लक्ष घुंगराकडे गेलं. ते कशाला बांधलंय हे ऐकल्यावर ते म्हणाले, "ही उंदीर खात राहिली असती, तर हिचे डोळे वाचले असते."

डोळे आता परत येणार नव्हते. हृदय सुजलं होतं, पण ते सावरायला वाव होता. औषध त्यांनी बाहेरून मागवलं, त्याला आठवडा लागणार होता. तोवर आणि त्यानंतरही तिला मांस द्या, कोंबडीची कलेजी उत्तम, आजपासूनच द्या, नाही तर ही महिना काढणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. येताना गाडीत प्रत्येक खड्ड्यात घुंगरू वाजत होतं. भुसावळच्या पुढे नानांनी त्याचा दोरा दातांनी तोडला आणि ते खिडकीतून टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी नाना सकाळीच सावद्याला गेले. फैजपुरात कुणी पाहिलं असतं ना. दुपारी परसदाराने आले, हातात काळी पिशवी, तीही वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी भांडी घासत होते. पिशवी अंगापासून लांब धरून ते माझ्यापुढे उभे राहिले. चौदा वर्षांत हा माणूस माझ्यापुढे असा उभा राहिला नव्हता. मला बरं वाटलं, हे लपवून काय करू?

म्हणाले, "ममता, हे उकडून दे व. तुले येत असीन. तुमच्या वरणगावले खात होते."

चौदा वर्षं जे माझं पाप होतं, ते एका दुपारी माझं शिक्षण झालं. मी हात धुतले, पदराला पुसले आणि त्यांना आठवण करून दिली की डॉक्टरांनी मलाही एकदा सांगितलं होतं, आणि मीही याच परसात, वेगळ्या भांड्यात उकडीन म्हणत होते.

नानांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "ते मुकं जनावर हाये व. तिले बोलता येत नही."

"मले तं येत होतं, नाना. मी बोलली होती."

 मी कोपऱ्यातला जुना स्टोव्ह आणि एक पातेलं त्यांच्यापुढे ठेवलं आणि आत निघून गेले. खिडकीतून दिसत होतं. काडी तीनदा विझली, चौथ्यांदा पेटली. वास सुटल्यावर ठमी भिंतीला अंग घासत, नाक वर करून, पायरीवर अडखळत परसात आली. नानांनी कलेजीचा तुकडा फुंकून निववला आणि आपल्या हाताने तिच्या तोंडाशी धरला. ते रडत होते. मी बाहेर गेले नाही. मला त्यांची दया आली नाही, अजूनही येत नाही.

ठमी जगली. आंधळी आहे, पण जगली. नाना रोज परसात बसून तिच्यासाठी शिजवतात, ते पातेलं स्वतः घासतात. माळ्यावरची पाकिटं मोतीलालशेठ पोत्यात भरून घेऊन गेले.

त्याच आठवड्यात मी बाजारातून अंडी आणली. काळ्या पिशवीत नाही, हातात धरून, भरदिवसा, वेशीवरून चालत. आता रोज सकाळी नानांचं झालं की मी तेच पातेलं घेते, परसात नाही, स्वयंपाकघरात आणते, आणि मयुरीसाठी एक अंडं उकडते. एक माझ्यासाठी. नाना ओसरीवर बसलेले असतात, भिंग खिशात असतं. त्यांनी अजून मला काही विचारलेलं नाही.