पोत्यातली चाल

आमच्या वस्तादांचा सगळ्यांना एकच हुकूम असे. जोर मारा, बैठका मारा, भाकर खा, झोपा. पण त्या हुकुमाचं प्रत्येकाच्या अंगात वेगळंच काही होई. कुणाच्या मांड्या भरत, कुणाची पाठ रुंदावे. माझं तर सगळंच भरे आणि सगळ्यात आधी पोट. मी त्यालाही ताकदच म्हणत असे. उघड्या अंगानं अमरावतीच्या बाजारातून जाताना लोक बघतात, ते कौतुकानं, अशी माझी पक्की समजूत होती.

माझा मामेभाऊ मोर्शीहून आमच्याकडे राहायला आला होता. तो माझ्याच शेजारी जोर मारी, माझ्याइतकंच दूध पिई. त्याच्या अंगाला मात्र काही लागत नसे. दोन बैठकांत धाप लागे, ओठ निळे पडत. वस्ताद म्हणायचे, "याच्या अंगात कोनी घेतच नाही बापा. दार वाजवून वाजवून हात दुखले माहे."

सातासमुद्रापार कुठंतरी लढाई लागली होती म्हणे, आणि त्यापायी आमच्या काळ्या रानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. काकांची वखार रुईनं छतापर्यंत भरली होती आणि मजूर मिळेना. त्या वेळी रुई पायानं दाबून भरत. गोणपाटाचं माणसाहून उंच पोतं लाकडी चौकटीला टांगायचं, एकानं आत उतरायचं, वरून दुसऱ्यानं रुई टाकत राहायची. आतला तुडवत राही. पोतं भरत जाई तसा तो वर येई, आणि शेवटी तोंडातून बाहेर निघे.

आदल्या हंगामात असाच एक तुडवणारा आत उतरला होता. पोतं भरत आलं, पण माणूस वर आला नाही. फाडून काढलं तेव्हा तो तळाशी बसलेला होता, दमून टेकल्यासारखा. त्याचा डावा पाय गाडीखाली सापडून आखूड झालेला होता. त्यामुळे तो तुडवायचा तेव्हा एक जड ठोका पडे आणि मागून दोन हलके. त्याची बायको अजून आमच्याच वखारीत रुईतला पाचोळा निवडायला येत असे. कुणाशी बोलत नसे.

असं सगळं ठाऊक असताना मी काकांना म्हणालो, "मजूर कायले पाह्यजे? आमी दोघं हावोत ना! तालमीतले गडी!"

काकांनी माझ्या पोटाकडे बघितलं. "पोतं फाटलं तं तुह्याकडून घेईन," म्हणाले.

पहिला मान माझा. आत उतरलो तर अंधार, गोणपाटाचा वास आणि डोळ्यांत, नाकात तंतू. दणादण पाय मारायला लागलो. आणि खालून कुणीतरी ढकललं. रुई दाबली की उसळते, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र माझ्या तळव्याला तळवा लागल्यासारखं वाटलं. मी जोरात दाबलं, तर खालूनही तितक्याच जोरात आलं. तालमीत कमावलेला माझा सगळा दम त्या झोंबाझोंबीत गेला. वरचा रुई टाकतच होता. ती गुडघ्यापर्यंत आली, कमरेपर्यंत आली, छातीला लागली, आणि मी तुडवायचं सोडून बोंब ठोकली, "काढा रे मले! खाली कोनी हाय रे!"

शेवटी पोतं उभं चिरावं लागलं. मी बाहेर पडलो तो पिंजलेल्या गादीसारखा, आणि अख्खी वखार हसली. पाचोळा निवडणारी ती बाई तेवढी हसली नाही. तिनं फक्त विचारलं, "काय म्हनलं तुमी? कोन हाय?"

मी नाक शिंकरत होतो.

मग मामेभाऊ उतरला. मी चाकू घेऊन तयारच उभा होतो. पण तो लागला तुडवायला, आणि तुडवतच राहिला. भरल्या पोत्यातून वर आला तेव्हा त्याचे ओठ लाल होते आणि श्वास झोपलेल्या लेकरासारखा.

"तुले भेव नाही लागलं बे?"

"तू त्याच्यासंगं भांडते. त्यानं वर उचललं का वर जायचं, खाली घेतलं का खाली. मंग काई दम लागत नाही."

"त्यानं म्हंजे कोनं?"

"मले काय माईत? खाली हाय तो."

त्या दिवसापासून तो रोज उतरू लागला. त्याला भूक लागू लागली, झोप येऊ लागली. मला हेवा वाटला, हे कबूल करायला आता काय जातं! मी रुईच्या ढिगावर बसून गप्पा हाणायचो. ती बाई आपली जागा सोडून पोत्याजवळ येऊन बसू लागली, तर मला वाटलं, माझे किस्से ऐकायला येते. मी आवाज वाढवला.

तिच्यामुळेच एकदा मी गप्प बसलो. पाचोळा हातात धरून ती पोत्याकडे कान देऊन बसली होती. मीही ऐकलं. गोणपाटाआडून ठोके येत होते. एक जड, दोन हलके. पुन्हा एक जड, दोन हलके. मामेभावाचे दोन्ही पाय धड होते.

मग वखारीबाहेरही तो तसाच चालू लागला. विहिरीवर जाताना, जेवायला उठताना, डावा पाय ओढत. मी म्हटलं, "सोंग कायले करून रायला बे?" त्यानं खाली बघितलं, आणि आपल्या पायांकडे कुणा दुसऱ्याचे असावेत तसा बघत राहिला.

मामी मोर्शीहून बैलांची दमणी जुंपून आली ती कुणीतरी निरोप नेल्यामुळे. वखारीत शिरताच तिनं काकांना हात जोडले. "माहं एकच पोट्टं हाय. काढा त्याले भाईर."

काकांनी रुई टाकणाऱ्याला थांबवलं. पोतं अर्धं भरलं होतं. रुई पडायची थांबली, पण आतलं तुडवणं थांबेना. काका ओरडले, मी ओरडलो. मामीनं त्याला बाळपणीच्या लाडानं हाक मारली. एक जड, दोन हलके.

तेव्हा ती बाई उठली. तिनं पदर सावरला, तळहात पोत्याला लावला आणि नवरा जेवणावरून उठत नसावा अशा सुरात म्हणाली, "अवो, ऐकता का? लोकाचं लेकरू हाय ते. सोडा त्याले. माहा जीव काही तुमच्यात अडकून नाही आता. जा तुमी."

आतला आवाज बंद पडला. आम्ही मामेभावाला वर ओढलं तेव्हा तो घामानं निथळत होता, धापा टाकत होता, ओठ निळे. मामी त्या निळ्या ओठांवरून हात फिरवून रडत हसली. दमणीकडे तो आपल्या पायांनी गेला. धुळीत दोन्ही पाय सारखे उमटले. पुढं आयुष्यभर तो तसाच काडी राहिला आणि दोन जिने चढला की बसायचा.

पण त्या दिवशी मालाच्या गाड्या दारात उभ्या होत्या. काकांनी माझ्याकडे बघितलं.

त्याच अर्ध्या पोत्यात मी उतरलो. देवाचं नाव घेत रुईवर पाय टेकले आणि खालच्या तळव्याची वाट बघत राहिलो. दाबलं तशी रुई दबली, नुसती दबली. बाहेरून गोणपाटाला काहीतरी टेकल्याचं कळलं. गाल असावा. ती बराच वेळ तशीच होती.

"काय ऐकू येते व मावशे?" मी आतून विचारलं.

"काई नाही," ती म्हणाली. "तुमी एकटेच हा."

माझे पाय थांबले. तिचा आवाज पुन्हा आला, आता जरा लांबून, कोपऱ्यातल्या तिच्या जुन्या जागेवरून.

"थांबू नका, दादा. तुडवा."