शेळीला सांगितलेलं

दिग्दर्शकाचा फोन आला तेव्हा मी चहा घेत होतो. फोन स्पीकरवर टाकला. "सर, तो पांढऱ्या शेळीचा सीन काढून टाका. बायकोला नवऱ्याशी सरळ बोलू द्या. प्रेक्षक गोंधळतो."

"काढणार नाही," मी म्हणालो.

माझं मलाच नवल वाटलं. आजवर निर्माते-दिग्दर्शक सांगतील ते मी काढून दिलंय. मालिकांतल्या कितीतरी बायकांना पानपानभर रडत बोलायला लावलंय. त्यांतली एकही बाई मी कधी पाहिली नव्हती.

करकंबच्या आमच्या घरात सुनेनं थोरल्यांदेखत नवऱ्याशी बोलायचं नसे. आई मग दारातल्या शेळीशी बोलायची. वडील बाजाराला निघाले की तिच्यापुढं पाला टाकत म्हणायची, "शेळे, उशीर करू नगा म्हणावं. भाकरी गार हुत्यात." वडीलही शेळीलाच सांगायचे, "खाऊन घे की म्हणावं तिला. वाट कशाला बघती?" थोरले गेले तरी दोघांची सवय सुटली नाही. भांडणंसुद्धा शेळीमार्फतच. "लई शाणा हाय तुजा मालक," आई तिला ऐकवायची आणि ओसरीवर वडील मिशीत हसायचे.

मी सोलापूर शहरात, जुळे सोलापूर भागात फ्लॅट घेतला, दोघांना इकडं आणलं. शेळी गावातच देऊन टाकली. आईनं मग फ्रीज धरला. त्याचं दार उघडून म्हणायची, "गार पानी पिऊ नगा म्हणावं, घसा बसलाय."

एकदा एक निर्माता जेवायला आला होता. आई अशीच फ्रीजशी बोलली. तो खो खो हसला. मी त्याच्यादेखत आईवर ओरडलो, "सरळ बोल की त्यांच्याशी! काय हा अडाणीपणा?"

ती सरळ बोलली नाही. बोलायचीच थांबली. पुढं वडील जाईपर्यंत त्या दोघांत व्हय आणि न्हाय, एवढंच उरलं. वडील स्वयंपाकघराच्या दारात येऊन खाकरायचे, जरा थांबायचे, परत जाऊन खुर्चीत बसायचे. शेजारच्या खोलीत मी संवाद लिहीत असायचो. खाकरणं मला ऐकू यायचं. हे मी आजवर कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही.

"समजून घ्या ना सर," दिग्दर्शक म्हणाला. "नवरा कामासाठी घर सोडून चाललाय, आणि ही शेळीला काय सांगते, तर 'दावं सैल झालंय, बघा म्हणावं'? 'जाऊ नका' म्हणायला काय होतं तिला?"

"तेच म्हणतेय ती. दावं बघायला तो वाकेल, तेवढा वेळ तरी थांबेल."

"लोकांना नाही कळत एवढं."

"ज्यांच्या घरात असं बोललं गेलंय त्यांना कळेल. बाकीच्यांनी जरा कान द्यावा."

"मग मला दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागेल."

"घ्या की. पण शेळी काढलीत तर माझं नावही काढा."

त्यानं फोन ठेवला. काम गेल्यात जमा होतं, आणि या वयात दुसरं मिळेलच असं नाही. गेलं तर गेलं. आईला एकदा गप्प केलं ते पुरे. आता पडद्यावर तिला दुसऱ्याची भाषा बोलायला मी लावणार नाही.

स्वयंपाकघरात फ्रीजचं दार उघडलं. वडील गेल्यापासून, खरं तर त्याच्याही कितीतरी आधीपासून न ऐकलेलं आईचं फ्रीजशी बोलणं कानावर आलं.

"ह्याला म्हणावं, भांडलास ते बरं केलंस. पर आपली शेळी पांढरी कवा हुती रं? तांबडी हुती की."

मी उठून दारापर्यंत गेलो. आईकडं बघायचं धाडस झालं नाही. फ्रीजलाच म्हणालो, "चुकलं म्हणावं. लई चुकलं."

फ्रीजचं दार बंद झालं. मी टेबलाशी बसलो, पांढरीची तांबडी केली आणि सीन दिग्दर्शकाला पुन्हा पाठवून दिला. बाकी एक शब्द हलवला नाही.