मास्तरांचा न वाजणारा वॉल्ट्झ

मास्तर गेले, तशी रीतीप्रमाणे त्यांची राहती कॅरव्हॅन जाळली. आत त्यांची गिटार होती आणि जुना कोट होता. कोटाला एक बटण नव्हतं; त्याच बटणानं मास्तरांनी जन्मभर तारा छेडल्या. स्ट्रासबुर्गचे शिष्य हळहळले, अशी गिटार कुणी जाळतं का? पण ते पडले गाजो, परके. मानुश जिप्सींच्या तळावर कुणाला नवल वाटलं नाही. मेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, त्याची धून वाजवायची नाही, त्याच्या आवडीचं रांधायचं नाही. बायको यातून मोकळं करील तेव्हा करील. कधी, हे तिला विचारायचंही नाही.

मास्तर उलट्या बादलीवर बसत, पण बसत असे की समोर दरबार भरावा. शिकवणीत कागद नाही. आधी फक्त उजवा हात, नुसता ठेका, महिनोन्‌महिने. "डावा हात बढाईखोर रे," ते म्हणत, "संसार उजवाच करतो." आलेला शिष्य जेवल्याशिवाय परत गेला नाही.

मास्तरांचा भाचा पिट्सो खुर्च्यांचे वेत विणायचा. मामानं लग्नात बायकोसाठी बांधलेला वॉल्ट्झ, ती तीन ठेक्यांची नाचाची धून, अख्खा त्यालाच येत होता. हल्ली वेत विणताना तो मनात वाजवून पाही, तर तिसऱ्या भागाच्या वळणावर वाट हरवे. त्याच्याबरोबर वॉल्ट्झही जाणार, हे त्याला दिसत होतं.

वसंतात एका दुपारी जुना शिष्य एतियेन आला. आता तो शहरात संगीत शिकवत होता.

"गाडीत बसू, काचा लावू. एकदाच वाजव, मी रेकॉर्ड करतो. कुणाला कळणार?"

"मला कळेल."

"आणि विसरलास म्हणजे?"

"म्हणजे विसरलो."

"अगदी मामावर गेलायस."

"हळू बोल. मामी आहे."

रोझलामामी दोरीवर कपडे वाळत घालत होती. "काय रे एतियेन, वाळलास. बायको उपाशी ठेवते का?"

"स्वयंपाक मीच करतो, मामी."

"मग बरोबर."

हसणं ओसरलं. पिट्सोची बोटं मात्र गुडघ्यावर आपोआप चालत होती. ते त्याच्या ध्यानात आलं, तेव्हा मामी चिमटे हातात धरून त्याच्या गुडघ्याकडे बघत होती. त्यानं हात मांडीखाली दडपला. ती टोपली उचलून आत गेली.

"झालं," पिट्सो म्हणाला. "आता कायमचं कुलूप."

थोड्या वेळानं कांद्याचा वास आला, मग लसणाचा, मग वाइनमध्ये शिजणाऱ्या सशाचा. मास्तर गेल्यापासून तळावर ससा शिजला नव्हता. शेजारच्या कॅरव्हॅनचं दार उघडलं, तिसरीचंही उघडलं. 

मामीनं पातेलं आणून मधोमध ठेवलं आणि पहिलं पिट्सोला वाढलं.

"मीठ?"

"ठीक आहे, मामी."

"त्यांना नेहमी कमी लागायचं."

पावानं ताटली पुसून होईतो ती थांबली. मग पातेल्याकडे बघतच म्हणाली, "तिसऱ्या भागात तू करंगळी लावतोस. ते लावत नसत."

पिट्सोनं हात विजारीला पुसले आणि गिटार आणायला उठला. एतियेनचा हात खिशाकडे गेला.

"ते यंत्र राहू दे तिथंच," मामी म्हणाली. "त्याचा उजवा हात बघ."