कपाटावरचा म्हातारा

“पळाला! म्हातारा पळाला!” मी असा ओरडलो, की अटलांटाजवळच्या अल्फारेटातल्या निम्म्या गॅरेजांची दारं आपोआप वर गेली असतील.

बायको तोंडात टूथब्रश घेऊनच जिन्यात आली. “कोण म्हातारा?”

“कपाटावरचा! गळ टाकून बसलेला! काल होता, आज नाही.”

ते काळं कुळकुळीत कपाट शेजारच्या काकूंचं. काकू अमेरिकन, ऐंशीच्या पुढच्या. मुलीकडे राहायला गेल्या तेव्हा त्यांनी ते आम्हाला दिलं. कपाट अस्सल इंग्लंडचं, पण वर सोनेरी रंगात सगळा चीन: पूल, छत्र्या, बगळे, निमुळत्या छपरांची घरं, गळ टाकून बसलेला म्हातारा. रंगवणाऱ्यानं चीन स्वप्नातसुद्धा पाहिला नसावा. बगळा घराहून उंच, पूल हवेतच संपलेला आणि चिन्यांची नाकं थेट लंडनची. काकूंची एकच अट होती. “नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला येऊन बघेन. हेळसांड दिसली तर परत नेईन.”

आम्ही हो हो म्हटलं. पुढच्याच आठवड्यात पुण्याहून सासूबाई आल्या आणि त्यांनी त्यात देव बसवले. असं देवघर अख्ख्या जॉर्जियात नव्हतं! बायकोनं तर जाहीरच करून टाकलं, की हे कपाट घराबाहेर गेलं तर तीही त्याच ट्रकमध्ये बसेल.

आणि मग माणसं गळायला लागली. आधी एक छत्री गेली. मग बगळ्याची मान. आता सबंध म्हातारा, गळासकट.

माझा पहिला संशय काकूंवर. म्हटलं, दिलं बाईनं नकली कपाट गळ्यात बांधून! दुसरा संशय मुंग्यांचं औषध मारायला येणाऱ्यावर. तो कपाटाकडे जरा जास्तच वेळ बघायचा. एकदा त्याच्या व्हॅनचा मी पाठलाग केला. हायवेवरून तीन काउंट्या, म्हणजे तीन जिल्हे पार केले म्हणा ना! तो डोनट खायला थांबला. मीही खाल्ले. ते डोनटसुद्धा मला संशयास्पद वाटले.

“यार, तू ऑफिसला जा,” बायको म्हणाली.

“आणि काकू परवा आल्या की?”

ती कपाटातल्या गणपतीकडे बघत राहिली.

त्या दिवशी जेवताना पोळीवर काहीतरी चमकलं. बारीक, सोनेरी. मी पोळी उजेडात धरली.

“काय बघताय? केस आहे का?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही आई. सोनं आहे.”

“मग खा.”

दुसऱ्या दिवशी घरूनच काम करतो असं ऑफिसला कळवलं आणि सकाळी सोफ्यामागे दबा धरून बसलो. गुडघे असे वाजत होते की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. सासूबाई आंघोळ करून आल्या. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात अर्धं लिंबू. देवाला नमस्कार केला, कपाटाची दारं लावली आणि तांब्याचा तांब्या घासावा तशा कपाट घासायला लागल्या. तोंडानं स्तोत्र, हातानं चीन साफ! माझ्या डोळ्यांदेखत पुलावरची एक बाई कमरेपासून खाली नाहीशी झाली.

मी बायकोला उठवलं. तिनं बघितलं आणि कपाळ धरलं. “आईला काही बोलू नकोस. मी करते काहीतरी.”

तिनं झेंडूचं प्लास्टिकचं तोरण दोन्ही दारांवर आडवंतिडवं बांधलं. त्यातून चीन तर सोडाच, कपाटही दिसेना.

थँक्सगिव्हिंगला काकू आल्या. पंपकिन पाय आणलेला, म्हणजे भोपळ्याची गोड पेस्ट्री. तो टेबलावर ठेवला आणि सरळ कपाटाकडे गेल्या. मी अटलांटाच्या दमट हवेवर भाषण सुरू केलं. उन्हाळा काय, एसी काय, सोन्याचा स्वभाव काय! काकूंनी तोरण एका बोटानं उचललं. बराच वेळ बघत राहिल्या. मग मागे वळल्या. माझ्याकडे नाही, बायकोकडेही नाही. पोळपाटाशी बसलेल्या सासूबाईंकडे.

“माझा म्हातारा कुठे गेला, त्यांना विचार,” त्या मला इंग्रजीत म्हणाल्या.

बायकोनं माझा दंड असा दाबला की वळ आठवडाभर होते. मी निमूटपणे मराठीत विचारलं.

सासूबाईंनी लाटणं थांबवलंसुद्धा नाही.

“मळ होता. निघाला.”