तंजावरची झालर

साठ सालाच्या सुमारास तंजावरला आमच्या घरासमोर राहणारी एक मराठी बाई ओट्यावर क्रोशा विणत बसे. टाके तमिळमध्ये मोजायची, पोराला रागवायची मराठीत: "पदिनेळु, पदिनेट्टु... अरे, माती थुंक!... पत्तोन्बदु." आकडा कधी चुकायचा नाही.

नवरात्रात बाहुल्या मांडायच्या पायऱ्यांची झालर मात्र दोन वर्षं अर्धीच होती. त्या वर्षी संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला येणार आणि अजून वीतभर राहिलेली. मी सहज गेलो, तर पोराच्या कमरेला दोरा. बिचारं गुंतलंय म्हणून मी शहाण्यानं तिचीच कात्री उचलून तो कापला. पोर रांगत थेट घरात, आणि पायरीवरच्या मातीच्या वाण्याच्या बाहुलीचं डोकं त्याच्या तोंडात!

"हे काय केलंत हो अण्णा! दुसरं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला होतं. दोरा ताणला की कळायचं, स्वारी लांब निघाली."

मी माफी मागू लागलो. ती ऐकायला थांबलीच नाही. तिनं पोराला नवा दोरा बांधला आणि दुसरं टोक माझ्या मनगटाला.

"बसा आता."

बायका आल्या तेव्हा झालर पायरीवर चढली होती. मी मात्र ओट्यावरच. सोडा म्हणायचा धीर होईना.