बोटांवर गोष्ट सांगणारे भाऊ

"थांबा मॅडम, अजून दोन बोटं उघडी आहेत," असं म्हणून ते डावा हात माझ्यापुढे धरायचे. उजव्या हातात चहाचा कप असायचा. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी सरळ, बाकीची बोटं मिटलेली. याचा अर्थ, तीन गोष्टी सांगून झाल्या, दोन बाकी आहेत, आणि त्या ऐकल्याशिवाय मला माझ्या टेबलाकडे जाता येणार नाही.

त्यांची पद्धत अशी होती. पहिली गोष्ट सुरू झाली की अंगठा उघडायचा. त्या गोष्टीत एखादा मामा आला की त्याची गोष्ट आधी सांगायला हवी, म्हणून तर्जनी. मामाने बैल विकत घेतला असेल तर बैल विकणाऱ्याची गोष्ट, मधलं बोट. बैलवाला संपला की मधलं बोट मिटायचं आणि मामा जिथे सोडला होता तिथूनच पुढे निघायचा. शेवटी अंगठा मिटला की ऐकणाऱ्याची सुटका. पाच बोटांत भागलं नाही, तर समोरच्याच्या खिशातलं पेन काढून हातात धरायचे आणि ती सहावी गोष्ट संपली की परत करायचे.

तुमच्याही पाहण्यात असा गोष्टीवेल्हाळ माणूस असेल. पण बहुतेकांच्या गोष्टी वाटेत सांडतात. "मी काय सांगत होतो?" असं ते आपल्यालाच विचारतात. यांची गोष्ट कधी सांडली नाही. एक अपवाद सोडून, आणि तोच मला इथे सांगायचा आहे.

ते अमरावतीकडचे. ऑफिसात सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, त्यांच्याहून मोठेसुद्धा. आयटीची पहिली चढण संपून उतरण लागली होती तेव्हाची ही गोष्ट. हिंजवडीत आमच्या काचेच्या इमारतीला लागून अजून ज्वारीचं शेत होतं, आणि शेताचा मालक कुंपणापाशी उभा राहून आमच्या बसगाड्या मोजत असायचा. भाऊ आमच्याकडे कंत्राटावर होते. दर तीन महिन्यांनी मुदत वाढायची, किंवा वाढेल असं सांगितलं जायचं. बायको आणि शाळेत जायला लागलेली मुलगी अमरावतीलाच होत्या, भाऊंच्या आईवडिलांजवळ. त्या सुट्टीत यायच्या आणि सुट्टी संपली की जायच्या.

"तीन महिन्यांच्या भरवशावर पोरीची शाळा कशी बदलवू?" असं ते एकदा मला म्हणाले. तेवढं एकच वाक्य. त्यावर एकही बोट उघडलं नाही, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

कसबा पेठेत एका खोलीत ते आणखी दोघांबरोबर राहायचे. रविवारी मंडईत जाऊन भाजी आणायचे. एकदा मेथी ताजी आहे का असं त्यांनी विचारलं, तर भाजीवाल्या बाई म्हणाल्या, "नाही, तुमच्यासाठी कालपासून राखून ठेवलीय." भाऊंना राग आला नाही. ते खूश झाले. आमच्याकडे एवढं बोलायला आधी भांडण व्हावं लागते, असं म्हणून त्यांनी ती गोष्ट सबंध आठवडा सांगितली, मधे तीन बोटं उघडून.

मी त्या कामाची समन्वयक होते. समन्वयक म्हणजे याद्या करणारी बाई. कोणतं काम कुणाकडे आहे, कुठे अडलं आहे, कधी पुढे जाईल. घरीही मी तेच करते, त्यामुळे जड गेलं नाही.

काम इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलचं होतं. त्यांच्या जुन्या संगणकातल्या रुग्णांच्या नोंदी एक्सएमएल नावाच्या नव्या पद्धतीत बसवून द्यायच्या होत्या. ज्यांना हे माहीत नाही त्यांनी डब्यात डबा, त्याच्या आत आणखी डबा, असं डोळ्यांसमोर आणावं. मोठा डबा रुग्णाचा. त्याच्या आत औषधांचा, तपासण्यांचा, आणि कोणतं औषध चालत नाही याचा. नियम एवढाच की उघडलेला प्रत्येक डबा बंद झाला पाहिजे, आणि आतला आधी बंद झाला पाहिजे. एकाचं झाकण राहिलं तरी तिकडचा संगणक सबंध फाइल परत पाठवायचा.

आमची पोरं हे डबे हातानेच जोडायची. म्हणजे प्रोग्राममध्ये मजकुराचे तुकडे एकापुढे एक चिकटवायची. कुठे तरी झाकण राहायचंच. फाइल गेली की दुसऱ्या दिवशी परत. माझ्या यादीत त्या कामापुढे "परत आली" हे शब्द इतक्यांदा लिहिले गेले की शेवटी मी नुसती खूण करायला लागले. आमचे साहेब पुण्याचे होते, कौतुकसुद्धा दम दिल्यासारखं करायचे. ते म्हणाले, "पोस्टाचा खर्च नाही म्हणून बरं चाललंय आपलं."

तेव्हा भाऊंनी तो प्रोग्राम लिहिला. त्यात कुणी झाकणाला हात लावायचाच नाही. "रुग्ण उघड", "औषध उघड", "बंद कर" एवढंच सांगायचं. कोणता डबा कुणाच्या आत उघडा आहे हे प्रोग्राम स्वतः लक्षात ठेवायचा, जसं भाऊ बोटांवर ठेवायचे तसं. वर त्यांनी स्वतःच्या आवडीची एक सोय केली होती. फाइल संपताना काही उघडं राहिलंच असेल, तर प्रोग्राम सगळं क्रमाने आपणहून बंद करायचा.

"कोणी विसरला तरी हा विसरत नाही," ते अभिमानाने सांगायचे.

फाइल गेली आणि परत आली नाही. त्या दिवशी साहेबांनी पेढे आणले आणि भाऊंना कायम करण्याचं पत्र टाईप करायला सांगितलं. भाऊंनी वाकडला दोन खोल्या पाहिल्या, शाळेत जाऊन प्रवेशाची चौकशी केली आणि अमरावतीला फोन लावला. फोनवर तरी किती बोटं उघडली कोण जाणे. परत आले तेव्हा चेहरा धुऊन आले होते.

आता तो अपवाद.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही कंपनीच्या बसने परत येत होतो. भाऊंच्या शेजारी अकाउंट्समधले काका, पुढच्या सीटवर मी. आईचा गुडघा दुखत होता म्हणून तिला दवाखान्यात नेलं, अशी गोष्ट सुरू झाली. अंगठा. ज्याच्या ऑटोने नेलं त्या ऑटोवाल्याची गोष्ट. तर्जनी. त्याच्या घरी काही झालं होतं त्याची गोष्ट, मधलं बोट. रस्त्यावर ही गर्दी, बस थांबत थांबत चाललेली. रात्रभर सगळे जागे होते, डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, पहाटे सगळं संपलं, घरात कुणी जेवलं नाही, असं सांगता सांगता भाऊंचा थांबा आला. ड्रायव्हर थांबेना. भाऊंनी तिन्ही बोटं एकदम मिटली, "झालं, असं झालं सगळं," म्हणाले आणि उडी मारून उतरले.

काकांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. सोमवारच्या यादीत मी पहिलंच काम लिहिलं, भाऊंशी बोलणे.

सोमवारी काका माझ्या आधी पोहोचले होते. पांढरा शर्ट घालून आले होते. भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "आईंचं ऐकून फार वाईट वाटलं. अहो, मग तुम्ही गेला नाहीत?"

"कुठे जाऊ?" भाऊ म्हणाले.

"दिवसांना तरी जायला हवं."

भाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले. "काका, गेली ती ऑटोवाल्याची म्हैस. आई मस्त आहे. काल वांग्याची भाजी करून राहिली होती."

आजूबाजूची पोरं इतकी हसली की पलीकडच्या विभागातले लोक पाहायला आले. काका शर्टाकडे बघून म्हणाले की इस्त्री मात्र फुकट गेली. मीही हसले. हसले नाहीत ते एकटे भाऊ. ते स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत उभे होते. एकदा बोटं उघडली, एकेक मिटली. पुन्हा उघडली आणि मूठ एकदम बंद केली.

"मॅडम," ते मला म्हणाले, "म्हशीचं बोट मी वेळेवर मिटलं नाही. शेवटी सगळी एकदम मिटली. मिटली तर सगळीच, पण तुम्हाला गेली कोण ते चुकीचं कळलं."

मग ते खुर्चीत बसले आणि स्वीकारली गेलेली फाइल उघडून वाचायला लागले. दुपारचं जेवण त्यांनी केलं नाही.

त्यांना जे सापडलं ते असं. हॉस्पिटलच्या जुन्या नोंदींत प्रत्येक रुग्णाच्या शेवटी एक खूण होती. काही ठिकाणी ती पुसली गेली होती. तिथे आमच्या प्रोग्रामला रुग्ण संपल्याचं कळलंच नाही. एका गृहस्थाचा डबा उघडाच राहिला, पुढच्या बाईचा डबा त्याच्या आत गेला, आणि फाइलच्या शेवटी भाऊंच्या त्या आवडत्या सोयीने सगळं नीटनेटकं बंद करून टाकलं. तिकडची तपासणी झाकणं तेवढी पाहायची. झाकणं सगळी होती, म्हणून फाइल पास झाली. पण त्या बाईच्या नावाने शोधलं असतं तर काहीच मिळालं नसतं. तिला पेनिसिलिन चालत नाही, हे दुसऱ्याच माणसाच्या डब्यात आत कुठे तरी लिहिलेलं होतं. आणि गुरुवारपासून तिथले डॉक्टर ही नवी फाइल वापरणार होते.

भाऊ साहेबांकडे गेले, मला बरोबर घेऊन. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाऊ, फाइल स्वीकारलेली आहे. आपण चूक कळवली तर काम जाईल. काम गेलं की तुमचं पत्र गेलं, त्यावर अजून सही व्हायची आहे. मी धमकी देत नाही, क्रम सांगतोय."

भाऊंनी डावी मूठ साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"तिला ते औषध चालत नाही साहेब," ते म्हणाले. "आणि आत्ता हे आपल्या तिघांशिवाय कोणालाच माहीत नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "लावा फोन."

तिकडे सकाळ होती. हॉस्पिटलमध्ये हे काम पाहणाऱ्या बाई फोनवर आल्या. भाऊंनी इंग्रजीत सुरुवात केली, आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा अंगठा उघडला. मी कागदावर "म्हैस नको" असं लिहून त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी वाचलं, हात टेबलाखाली घेतला आणि सरळ सांगितलं की चूक आमच्या प्रोग्रामची आहे, तो मी लिहिला आहे, आणि काही रुग्णांच्या नोंदी दुसऱ्यांच्या नोंदींत अडकल्या आहेत. कृपा करून फाइल वापरू नका.

मग बाईंनी विचारलं की एखाद्या वॉर्डात फाइल गेली आहे का. तो प्रश्न खरं तर आम्हीच त्यांना विचारायचा होता. त्यांनी थांबायला सांगितलं आणि कुणाशी तरी बोलल्या. परत आल्या तेव्हा आधी एक मोठा श्वास ऐकू आला, मग शब्द. फाइल अजून कुणी उघडलेली नव्हती. त्या आभार मानत होत्या, आणि आमचे साहेब, जे वीस माणसांच्या बैठकीतही पाणी पीत नसत, त्यांनी माझ्यापुढचा ग्लास उचलून रिकामा केला.

काम गेलं नाही. भाऊंनी ती आपणहून बंद करण्याची सोय काढून टाकली. आता काही उघडं राहिलं की प्रोग्राम जागीच थांबायचा आणि कोणता रुग्ण उघडा आहे ते सांगायचा. फाइल पुरी व्हायला जास्त दिवस लागले. थांबायचा, आम्ही तिकडे विचारायचो, त्या बाई मूळ कागद पाहून कळवायच्या, मग पुढे. कंटाळवाणं काम होतं. तरीही त्या दिवसांत मला फार शांत झोप लागायची.

शेवटची फाइल गेल्यावर साहेबांनी भाऊंच्या टेबलावर पत्र ठेवलं. "सही केली आहे," ते म्हणाले. "आता उपकार करा, कुणालाही याची गोष्ट सांगू नका."

भाऊंनी ती सगळ्यांना सांगितली.

आता ते पुण्यात नाहीत. काही वर्षांनी आईवडील थकले, नागपूरला चांगली नोकरी मिळाली, आणि बिऱ्हाड तिकडे गेलं. त्यांच्या जागी आलेला मुलगा हुशार आहे आणि विचारलं तेवढंच बोलतो. चहा पाच मिनिटांत संपतो.

मला मात्र आठवते ती पत्र मिळाल्यानंतरच्या जून महिन्यातली एक सकाळ. अमरावतीची गाडी येणार होती आणि सामान खूप असेल म्हणून मी माझी मारुती घेऊन पुणे स्टेशनवर गेले होते. काय आणायचं आणि काय आणू नये याची यादी मी वहिनींना आधीच कळवली होती. वहिनी उतरल्या त्या यादीत नसलेला पाटा-वरवंटा घेऊन. त्यांनी भाऊंकडे वर-खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "किती वाळलात हो." भाऊ खाली बघून पिशव्या उचलायला लागले.

मुलगी त्यांच्या शर्टाला धरून उभी होती. झोपेतून उठलेली, केसांची एक वेणी सुटलेली.

"बाबा, परत कधी जायचं?" तिने विचारलं.

"नाही जायचं," भाऊ म्हणाले. "आता इथंच राहायचं."

तिने जरा विचार केला. मग शर्ट सोडला आणि आमच्या पुढे जिन्याकडे पळत सुटली.